सदतीस शिक्के

हान्बात, १४ ऑगस्ट २००९

दादा,

तेहेतीस वर्षांनी तुम्हाला पत्र लिहिते आहे, तेव्हा आधीच सांगून टाकते: मी माफी मागायला लिहीत नाही. तुमची नात सोल पुढच्या आठवड्यात इकडे येते आहे, म्हणून लिहिते. ती राजधानीत भाषा शिकायला आली आहे हे तुम्ही मला कळवलं नाहीत. तिने तालुका कचेरीला पत्र पाठवून विचारलं, ताक इन-सुक नावाच्या बाई अजून जिवंत आहेत का. कचेरीने ते पत्र माझ्याच टेबलावर आणून ठेवलं. पर्यटकांची पत्रं माझ्याकडे येतात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मुन्गोक तालुक्याची आठ स्थळं दाखवते. बसमधून उतरलेली चाळीस माणसं, त्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, आणि माझ्या हातात कर्णा. तसा मला कर्णा लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक स्थळी छोट्या वहीत एक रबरी शिक्का मारायचा. आठ शिक्के झाले की कचेरी वाळलेल्या लाल मिरच्यांची पिशवी देते. ज्या देशात लोक राजांची थडगी पाहायला मिरच्यांसाठी येतात त्या देशाबद्दल माझी काही मतं आहेत. ती मी बसमध्ये बोलत नाही, म्हणून माझी नोकरी टिकली आहे.

तिसरं स्थळ, पाकळीकडा, सध्या अर्धं बंद आहे. वरचा मंडप उघडा आहे, पण खाली नदीकाठाला दोरी बांधली आहे. तिथे काचेच्या तळाचा पूल होणार आहे. पाया खणताना थोडी हाडं निघाली. जुनी असतील.

गावचे कारभारी म्हणून उभारलेली बाबांची गौरवशिला गावाच्या तोंडाशी आहे तशीच आहे. दर वसंतात मी ती घासून धुते.

मुलीला काय दाखवायचं आणि काय नाही ते कळवा. नाही कळवलंत तर मी ठरवीन.

इन-सुक


२७ ऑगस्ट

दादा,

तुम्ही कळवलं नाहीत.

सोल आली. तुमचं नाक, तुमची चाल, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी पायरी चुकते. मला "आत्याआजी" म्हणते. पहिल्या दिवशी तिला सोंगहे मठातला दगडी बुद्ध दाखवला. त्याचं नाक कुठे गेलं, तिने विचारलं. मी सांगितलं, मुलगा व्हावा म्हणून बायकांनी खरवडून खरवडून पाण्यातून प्यायलं.

"आणि झाले मुलगे?"

"झाले की. सगळे शहरात गेले. हा बिननाकाचा इथेच राहिला."

ती इतकी हसली की मठातला भिक्षू झाडू घेऊन बाहेर आला. दुसरं स्थळ जुनी पाठशाळा. तिथल्या ओसरीवर बसून तिने कलिंगड खाल्लं आणि बिया अंगणात थुंकल्या, जिथे तुम्हीही थुंकायचात. दादा, खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला तुमचा राग आठवेना.

तिसऱ्या दिवशी पाकळीकडा. मंडपात एक खांब आहे, त्यावर बटण. ते दाबलं की माझा आवाज येतो. सहा वर्षांपूर्वी कचेरीने ध्वनिमुद्रित करून घेतला. "चारशे वर्षांपूर्वी, जपानी फौज नदी ओलांडत असताना, हान्बातच्या चाळीस स्त्रियांनी अब्रू राखण्यासाठी या कड्यावरून उडी घेतली. त्यांचे शुभ्र घागरे पाकळ्यांसारखे..." आणि असंच पुढे. बसमधल्या बायका इथे नेहमी रुमाल काढतात.

सोलने रुमाल काढला नाही. ती दोरीच्या पलीकडे खाली बघत होती. तिथे निळ्या ताडपत्रीवर, हाडांसाठी आलेल्या चौकशी पथकाने काही वस्तू वाळत घातल्या होत्या.

"आत्याआजी, ते काळे काय आहेत?"

"बूट."

"रबराचे?"

मी म्हटलं, उन्हात उभी राहू नकोस. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने निरोप सांगितला. तुम्ही तो तिच्याकडून पाठ करून घेतला असावा, कारण त्यातलं एकही वाक्य अडखळलं नाही. "आजोबांनी विचारलंय, पेटी अजून आहे का. ते म्हणाले, इन-सुक काहीही जाळू शकत नाही. तिने शाळेतल्या पोरांच्या वह्यासुद्धा ठेवल्या असतील."

मी सांगितलं, जाळली. बाबांच्या कपड्यांबरोबर, अंत्यविधीच्या दिवशी. तुझ्या आजोबांना तेव्हाच सांगितलं होतं.

उरलेली पाच स्थळं आम्ही एका दिवसात उरकली. तिची वही भरली. मिरच्यांची पिशवी तिने मलाच दिली.

इन-सुक


८ सप्टेंबर

दादा,

पोरांच्या वह्या आहेत. सगळ्या.

आता त्या गोष्टीबद्दल. ती मी रचली. पंचवीस वर्षांपूर्वी कचेरीतून एक माणूस शाळेत आला. त्याला माहितीपुस्तकात प्रत्येक कड्याला, प्रत्येक झाडाला एक कथा हवी होती. त्याने विचारलं, जुलैत एका ठरावीक दिवशी गावातल्या बायका त्या कड्याखाली दारू का ओततात? साधा प्रश्न, पण तो विचारणाऱ्याच्या खिशात कुठलं ओळखपत्र आहे हे तेव्हा कोणाला कळत नसे. ज्यांच्या घरातले युद्धातल्या पोलिसांच्या त्या यादीत होते, त्यांच्या मुलांना तोवर शिपायाचीसुद्धा नोकरी मिळत नव्हती. मी वर्गाच्या दारात उभ्या उभ्या चाळीस बायका कड्यावरून ढकलून दिल्या. त्याने लिहून घेतलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं, त्याच्या पुढच्या वर्षी फलक लागला. इतिहास शिकवणारी बाई मी. पोरांना सांगायची, छापलेल्या प्रत्येक ओळीला विचारा, तू कुठून आलीस.

काल मेंग आला होता. पर्यटन विभाग आता त्याच्याकडे आहे. सहावीत माझ्या वर्गात होता, तेव्हापासून बसण्याआधी खुर्ची पुसतो.

"बाई, एवढा एक कागद लिहून द्या," तो म्हणाला. "हाडं त्या बायकांची आहेत असं इथे पूर्वापार मानतात, एवढंच."

"रबरी बूट निघालाय, मेंग."

"पुरात वाहून आला असेल."

"सव्वीस निघालेत."

"मोठा पूर असेल." नंतर तो खाली बघत म्हणाला, "बाई, हाडांवर नाव लिहिलेलं नसतं."

"तुझ्या वहीवरही नसायचं. मी अक्षरावरून ओळखायची."

तो हसला, पण कागद टेबलावर ठेवूनच गेला. चौकशी पथक राजधानीहून आलं आहे आणि तीस तारखेला परत जाणार आहे. तिथे नेमकी कोणती माणसं आणली होती याचा पुरावा तोवर मिळाला नाही, तर त्यांना खणण्याचा अधिकार उरत नाही. मग छुसोकचा, पितरांचा सण झाला की पहिल्या सोमवारी पुलाच्या पायात काँक्रीट पडेल. हाडं तिथेच राहतील आणि वरून माणसं काचेतून खाली बघतील. मेंगने नकाशा दाखवला. पूल खरंच सुंदर आहे.

आज सकाळी गोंग काकूकडे गेले. तुम्ही तिला सोक दोक-बेची नवी नवरी म्हणून ओळखता. आता एकोणऐंशीची आहे, कमरेतून दुमडलेली. सणाआधीचं गवत कापायला डोंगरावर गेली होती, नवऱ्याच्या रिकाम्या थडग्यावर. मी दुसरा विळा घेतला.

"कारभाऱ्याची पोर आली का," ती म्हणाली. "काप, काप. रिकाम्या थडग्यावरचं गवत काही कमी वाढत नाही."

"आत काय ठेवलंय, काकू?"

"लग्नातला सदरा. सहा महिन्यांच्या नवऱ्याचं आणखी काय असणार माझ्याकडे?"

मी तिला विचारलं, माझ्या त्या गोष्टीचा तिला राग येत नाही का. तिने विळा गवतावर पुसला. "बरी होती तुझी गोष्ट. आधी तिथे रडायला गेलं की पोलिस विचारायचा, कोणासाठी रडतेस? तू त्या चाळीस भवान्या आणून ठेवल्यास, तेव्हापासून कोणी विचारत नाही. मी पंचवीस वर्षं त्यांच्या नावाने माझ्या माणसासाठी रडते आहे." मग म्हणाली, "आता पोरं सांगतात की खाली खरंच तो सापडेल. काँक्रीट पडायच्या आत कोणीतरी काहीतरी दाखवायला पाहिजे म्हणे. कोण दाखवणार? ज्यांनी पाहिलं ते खालीच आहेत."

मी गवत कापत राहिले.

पेटी आहे, दादा. धान्याच्या कोठीखाली, तुम्हाला सापडली होती तिथेच.

इन-सुक


१९ सप्टेंबर

दादा,

तुम्हाला पेटी सापडली ती बाबांच्या तिरडीच्या दिवशी. तुम्ही तागाचा सुतकी झगा अंगावर घ्यायला नकार दिलात आणि साऱ्या गावासमोर एकच शब्द बोललात: "सदतीस." मी तुमच्या कानाखाली वाजवली. महिन्याभरात तुम्ही बोटीत बसलात. पण पेटीच्या तळाशी, त्या सदतीस शिक्क्यांखाली, एक कागद होता, तो तुम्ही पाहिला नव्हता. मी पाहिला होता. म्हणूनच जाळल्याचं खोटं बोलले. आता तो तुम्हाला वाचून दाखवते.

तुम्हाला आठवत असेल, गावातल्या प्रत्येक घराचा लाकडी शिक्का बाबांकडे असे. खताचा अर्ज, जमिनीचा उतारा, जन्म, मरण, काहीही आलं की लोक शेत सोडून येत नसत. कारभारी आहेत ना, मारतील. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. दुसऱ्याच्या हातात आपलं नाव देऊन ठेवायचं आणि याला आपण विश्वास म्हणायचो.

युद्धाच्या आदल्या वर्षी सरकारने तो संघ काढला. पूर्वी डाव्यांच्या सभेला गेलेल्यांनी त्यात नाव घालायचं आणि सुधारायचं. पुढच्या वसंतात प्रत्येक गावाला आकडा ठरवून दिला. हान्बातला सदतीस. हान्बातमध्ये सभेला गेलेले असतील चार. बाबांनी उरलेले पेटीतून काढले. नावामागे एक माप जव मिळणार होते, आणि ते त्यांनी खरोखर घरोघर पोचवले. लोकांनी त्यांना दुवा दिला. युद्ध पेटलं, तेव्हा वरून हुकूम आला की यादीतली माणसं शत्रूला मिळतील. आपल्याच पोलिसांनी त्यांना शाळेत बोलावलं, एका दिवसाचं प्रशिक्षण आहे, डबा घेऊन या. तिथून कड्याखाली नेलं. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुम्ही पंधरा वर्षांचे होतात, मी आठ.

तो कागद म्हणजे यादीची दुसरी प्रत. सदतीस लाल ठसे, एकाखाली एक, सगळे सरळ. सदतीस माणसं स्वतः आली असती तर एखादा तरी वाकडा पडला असता. हा एका हाताचा, एका बैठकीचा नीटनेटकेपणा आहे. आमच्या कचेरीतली मुलं पर्यटकांच्या वहीत इतका सरळ शिक्का मारत नाहीत.

आणि शेवटची ओळ. तिथे आधी दुसरं नाव होतं: ताक सांग-गिल. आपले धाकटे काका. ते एका सभेला खरंच गेले होते. त्यांच्या नावावर पट्टी धरून रेघ मारली आहे, आणि खाली लिहिलं आहे: सोक दोक-बे, वय बावीस.

तोच का? मी साठ वर्षं विचार केला असं म्हणणार नाही. तेहेतीस वर्षं केला. त्याचं लग्न नुकतंच नोंदवलं होतं, त्यासाठी नवा शिक्का कोरून पेटीत ठेवला होता. नवा म्हणून सगळ्यात वर होता. बाबांनी हात घातला आणि वरचा उचलला. याहून मोठं कारण मला सापडलं नाही.

काका जगले. ते पुढे समुद्रापलीकडे गेले, दुकान काढलं, आणि तुम्ही बापाचं तोंड पाहायचं नाही म्हणून निघालात तेव्हा त्यांनीच तुम्हाला तिकीट पाठवलं. दादा, तुम्ही गाव सोडलंत, नाव सोडलंत, बाबांच्या श्राद्धाला कधी एक वाटी भात ठेवला नाहीत. मी इथे बसून मनात तुमच्याशी भांडले आणि मनातच तुम्हाला मान दिला, की निदान आपल्यातला एक जण स्वच्छ राहिला. पण तुम्ही ज्या ताटात जेवलात ते त्याच रेघेने आलं होतं. सोलही त्याच रेघेने आली. हे तुम्हाला कळू नये म्हणून मी तो कागद दडवला. निदान मी स्वतःला तसं सांगत आले. बाबांचा दगड घासून धुणाऱ्या बाईच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

परवा कागद आणि पेटी चौकशी पथकाला दाखवली. त्यांनी कागद ठेवून घेतला, शिक्क्यांचे फोटो काढले आणि ते मला परत दिले. काँक्रीट थांबलं आहे.

त्याच दिवशी एक बस होती. मंडपात मी बटणावर हात ठेवून उभी राहिले, कोणाला दाबू दिलं नाही. सदतीस नावं म्हटली. सावकाश, प्रत्येक नावामागे घर सांगून: वडाखालचं, विहिरीजवळचं, जिथे आता मोटारी लावता ते. बाबांचं नाव शेवटी, आणि त्यांनी काय केलं ते. मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, दादा. शाळेच्या फाटकासमोर, वर्गात, निवडणुकीच्या ट्रकवर. इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, इथला शिक्का कुठे मारून मिळेल?"

मी बोट दाखवलं. रांग लागली.

इन-सुक


५ ऑक्टोबर

दादा,

आज सोमवार. आज काँक्रीट पडणार होतं.

बावीस जणांची हाडं वर आली. बाकीची नदीने नेली, म्हणतात. कोण कोणाचा, ते कळण्यासारखं नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या पेट्यांत घालून, वर आकडे लिहून, शाळेच्या व्यायामशाळेत मांडून ठेवली आहेत. ज्या शाळेत त्यांना डबा घेऊन बोलावलं होतं त्याच शाळेत.

मेंगने माझं काम काढून घेतलं. वाईट वाटलं त्याला, खुर्ची पुसून उभाच राहिला. खांबावरचं यंत्र मात्र काढता येत नाही म्हणाला, त्याचा करार पुढच्या वर्षापर्यंत आहे. बाबांच्या दगडावर कोणीतरी पेंडीचं पोतं टाकलं आहे. ते मी टाकलं नाही, आणि काढलंही नाही.

शिक्के घरोघर दिले. जिथे घर उरलं नाही तिथे ज्याचं शेत आहे त्याला दिले. काहींनी दोन्ही हातांनी घेतले, काहींनी दार उघडलं नाही, उंबऱ्यावर ठेवून आले. गोंग काकूकडे सगळ्यात शेवटी गेले. ती अंगणात लसूण सोलत होती. शेवटच्या ओळीचं सगळं सांगितलं. कोणाचं नाव आधी होतं, कोणी रेघ मारली. तिचे हात थांबले नाहीत.

शिक्का पाहिल्यावर थांबले. बोराच्या लाकडाचा आहे, कडेला एक बारीक गाठ. "म्हणजे हा तुमच्याच घरात होता," ती म्हणाली. "मृत्यूची नोंद करायला कचेरीने नवऱ्याचा शिक्का मागितला. तुझा बाप म्हणाला, पेटीत नाही. मी सगळं घर उलथंपालथं केलं. तुझ्या बापाने नवा कोरून दिला. मी त्याला एक कोंबडी दिली."

मी शिक्का पुढे केला. तिने घेतला नाही.

"ठेव तुझ्याकडेच. तुमच्या घरात साठ वर्षं राहिला. ज्याचा हा, तो माझ्या घरात सहाच महिने होता."

मी गेले नाही. ती शिव्या देईल, लसणाची पाटी फेकून मारेल, म्हणून उभी राहिले. तिने तेही केलं नाही. फक्त म्हणाली, "तुझा काका बाहेरच्या देशात मेला ना? थडगं आहे त्याला?"

"आहे."

"गवत कोण कापतं?"

दादा, तुम्हीच कापत असाल.

सणाच्या सकाळी मात्र तिनेच निरोप पाठवला, शिक्का घेऊन ये. आम्ही दोघी आधी व्यायामशाळेत गेलो. ती बावीस पेट्यांपुढून एकदा गेली, मग परत आली, प्रत्येकीत वाकून पाहिलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि ती घाबरलेली दिसत होती. "रडूच येईना गं," म्हणाली. "माणसासमोर उभी आहे आणि रडू येईना." मग डोंगरावर जाऊन आम्ही थडग्याची माती वीतभर उकरली आणि तो शिक्का सदऱ्याजवळ ठेवला. तिथेही नाही आलं.

सोलचा फोन आला होता. तुम्ही पत्र वाचून भिंतीवरचा काकांचा फोटो उतरवलात, म्हणाली, आणि संध्याकाळी पुन्हा लावलात. मी तुम्हाला काही विचारत नाही. उत्तरही मागत नाही.

डोंगर उतरताना काकू म्हणाली, कड्यावर ने. मी तिला पाठीवर घेतलं. आता ती गवताच्या भाऱ्याएवढीही उरलेली नाही. मंडपात कोणी नव्हतं. खाली नदी, दोरी, खणलेला काठ, निळी ताडपत्री. मी तिला खांबाला टेकवून बसवलं. मला वाटलं, नावं म्हणायला सांगेल. मी श्वास भरून घेतला होता.

"ते बटण दाब," ती म्हणाली.

"काकू, ते खोटं आहे."

"मला ठाऊक नाही का? दाब."

मी दाबलं. खांबातून माझा आवाज आला, सहा वर्षांपूर्वीचा, ठणठणीत, स्वतःवर खूश. चारशे वर्षांपूर्वी, जपानी फौज नदी ओलांडत असताना. घागऱ्यांच्या पाकळ्यांपर्यंत आला आणि काकूच्या तोंडातून तो आवाज निघाला जो मी दर जुलैत लांबून ऐकत आले आहे. ती जमिनीवर कपाळ टेकून रडत होती. संपलं की हात वर करून खूण करायची. मी पुन्हा दाबायची.

दादा, सदतीस नावं मला पाठ आहेत. ती म्हणायला एवढा मोठा आवाज मला मिळाला आहे. पण ती रडत होती तोवर मी माझ्या त्या खोट्या आवाजाला एकदाही मध्ये तोडलं नाही.

इन-सुक